घरकुल वसाहतीत सुधारणा खरंच झाली का? तपासायला निघालेल्या नवख्यांसाठी

कोल्हापुरात सरकारी घरांचे नमुने बरेच आहेत. घरकुलांच्या चार मजली इमारती, म्हाडाच्या जुन्या कॉलन्या, सफाई कामगारांच्या वसाहती, झोपडपट्टी सुधारून पक्क्या झालेल्या गल्ल्या. या सगळीकडं कुणी ना कुणी सतत काहीतरी सुधारत असतं. महापालिका गटारं बांधते, एखादी संस्था अभ्यासिका काढते, कंपनीच्या सामाजिक निधीतून शुद्ध पाण्याचं मशीन बसतं, तालमीची पोरं व्यायामशाळा मागून घेतात. दोन-तीन वर्षांनी पैसे देणारा विचारतो, ‘याचा उपयोग झाला का?’ मग हे तपासायचं काम समाजकार्याच्या विद्यार्थ्याच्या, संस्थेत नव्यानं लागलेल्या मुलीच्या, नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीच्या गळ्यात पडतं. हा लेख त्यांच्यासाठी.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. इमारत डोळ्यांना दिसते, म्हणून ‘वसाहत सुधारली’ असं अहवालात लिहून टाकणं सोपं जातं. तुम्हाला शोधायचंय ते हे, की ज्या कुटुंबांच्या नावानं पैसा आला त्यांचं पुढं काय झालं. त्यातली काही कुटुंबं आज तिथं राहतही नसतील. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका अडचणीभोवती फिरतात.

१. आधी फाईल, मग वसाहत

नवखा माणूस पहिल्याच दिवशी वही घेऊन वसाहतीत जातो. तसं करू नका. सुधारणा म्हणजे नेमकं काय करायचं ठरलं होतं, ते आधी कागदावर शोधा.

घर कोणत्या योजनेतलं, यावर बरंच अवलंबून असतं. २००१ ची वाल्मिकी आंबेडकर आवास योजना, २००५ नंतरचा एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास कार्यक्रम, २०१५ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्याची रमाई आवास योजना. प्रत्येकीचं आश्वासन वेगळं. एकात्मिक कार्यक्रमात घराबरोबर रस्ते, गटारं, समाजमंदिर असल्या सोयीही धरलेल्या होत्या. प्रधानमंत्री आवासचा भर पक्क्या घरावर, आणि २०१५ च्या नियमांत दुर्बल घटकांसाठी चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरलेलं होतं. जे द्यायचं कबूलच केलं नव्हतं, ते दिलं नाही म्हणून योजनेला नापास करण्यात अर्थ नाही.

कागद मिळवायला महापालिकेच्या संबंधित विभागात नाहीतर विभागीय कार्यालयात जा. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी चार कार्यालयं आहेत. तुमची वसाहत कुणाकडं येते ते आधी विचारून घ्या. म्हाडाचं घर असेल तर कोल्हापूर जिल्हा पुणे मंडळात मोडतो. तोंडी विचारून काम झालं तर उत्तम, नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज करा: शुल्क १० रुपये, प्रत पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर ‘माहिती विस्तृत आहे, समक्ष येऊन पाहावी’ असं पत्र येण्याचीच शक्यता जास्त. मंजूर आराखडा, लाभार्थ्यांची मूळ यादी, काम पूर्ण झाल्याचा दाखला, ताबा दिल्याच्या तारखा, एवढंच मागा.

फाईलमध्ये आकडे मिळतील ते झालेल्या कामाचे: एवढी घरं, एवढे मीटर गटार, एवढे दिवे. वहीत तीन रकाने पाडा: काम, वापर, फरक. शिलाई मशीनचं उदाहरण घ्या. तीस मशीन वाटली, हे काम. वर्षभरानं त्यातल्या किती मशीनवर आठवड्यातून चार दिवस तरी शिवण चालतं, हा वापर. त्या बाईच्या हातात महिन्याला किती जास्त पैसे उरतात आणि ते कुणाच्या हुकमानं खर्च होतात, हा फरक. बहुतेक अहवाल पहिल्या रकान्यावरच संपतात. दुसरा भरला तरी तुमचा अहवाल चारचौघांत उजवा ठरेल. तिसऱ्याला घाम गाळावा लागतो.

२. मूळ यादी हाच पाया

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकी काही कमी पडलं तरी चालेल.

समजा, २०० घरांची वसाहत आहे. ताबा मिळाला तेव्हा कुटुंबाचं सरासरी महिन्याचं उत्पन्न १४ हजार होतं. तीन वर्षांनी तुम्ही दारोदार फिरलात आणि सरासरी १९ हजार आली. पाच हजारांनी वाढ! पाहुण्यांच्या हस्ते अहवालाचं प्रकाशन व्हायला हरकत नाही.

आता मूळ यादी काढा. दोनशेपैकी १३० कुटुंबंच तिथं राहताहेत. ४५ जणांनी घर भाड्यानं दिलंय, १५ जणांनी रीतसर नोंदणी न करता नुसत्या नोटरीच्या कागदावर विकलंय, १० घरांना कुलूप. म्हणजे ज्यांना तुम्ही भेटलात त्यातली ६० कुटुंबं नवीन आहेत आणि त्यांची सरासरी २४ हजारांच्या पुढं आहे. टिकून राहिलेल्या १३० जणांचं उत्पन्न तेव्हा साडेपंधरा हजार होतं, आज साडेसोळा. तीन वर्षांत हजार रुपये. महागाई धरली तर ती वाढही उरत नाही. आणि जी ७० कुटुंबं निघून गेली, ती ताबा मिळताना सरासरी ११ हजार २०० वर होती. म्हणजे सगळ्यात गरीब तीच होती. आकडे उदाहरणापुरते घेतलेत, पण गणित असंच फिरतं. गरीब बाहेर पडले, जरा बरी परिस्थिती असलेले आत आले, आणि सरासरीनं त्याला प्रगती म्हटलं.

म्हणून आज घरात कोण राहतंय, यावरून यादी करू नका. मूळ यादी हातात घ्या, प्रत्येक नावापुढं आजची स्थिती लिहा: राहतो, भाड्यानं दिलं, विकलं, कुलूप, वारले, पत्ता नाही. गेलेल्यांपैकी निदान पंधरा-वीस जणांना गाठाच. शेजारणीकडं फोन नंबर असतो. रेशन दुकानदाराला माहीत असतं. पोरं कुठल्या शाळेत गेली ते जुन्या शाळेच्या दाखल्यांच्या नोंदीत सापडू शकतं, पण त्यासाठी मुख्याध्यापकांना लेखी विनंती करा आणि मिळालेली माहिती दुसऱ्या कशालाही वापरू नका.

गेलेले सगळे हरलेलेच असतात असंही नाही. कुणी पाचगावात, कळंब्यात स्वतःची जागा घेऊन गेलेलं असतं. कुणी मात्र मार्केट यार्डातली हमाली तुटली म्हणून जुन्या जागेजवळ पुन्हा पत्रा टाकून राहतं. एखादी विधवा बाई भावाकडं राहते आणि घरकुलाच्या भाड्यावर तिचं भागतं. नियमानं तो भंग आहे, तिच्यासाठी ती पेन्शन आहे. अहवालात दोन्ही यायला हवं.

इथं सावध राहा. योजनेतलं घर ठरलेल्या मुदतीत विकायला किंवा भाड्यानं द्यायला बंदी असते, त्यामुळं लोक खरं सांगणार नाहीत. आणि सांगितलेलं बाहेर फुटलं तर त्यांचं घर जाईल. नाव आणि घर क्रमांक एका वहीत, उत्तरं दुसऱ्या वहीत, दोन्हींना जोडणारा फक्त सांकेतिक क्रमांक. पहिली वही वसाहतीत फिरवू नका. पैसे देणाऱ्याने यादी मागितली तर देऊ नका. हे काम घेतानाच लेखी ठरवून घ्या. त्याला हे मान्य नसेल तर काम सोडलेलं बरं, इतक्या टोकाला मी जातो.

३. मोजायचं काय

प्रश्नावली शंभर प्रश्नांची झाली की समजा बिघडली. पाच-सहा गोष्टी धरा आणि त्या तिथल्या माणसांना विचारून ठरवा. दोन कट्ट्यांवर बसा, एक बायकांचा आणि एक पुरुषांचा. ‘इथं राहायला आल्यापासून काय सोपं झालं, काय अवघड झालं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. जे निघेल ते आराखड्यात कधीच नसतं.

आपल्याकडं काय निघतं, त्याचे काही नमुने. अंगणात बंब पेटवून पाणी तापत होतं, इमारतीत बंबाला जागा नाही, म्हणून गॅस किंवा लाईटबिल वाढलं. भाजीची हातगाडी रात्री कुठं लावायची हा प्रश्न आला. शेळी विकावी लागली. आज्जी चौथ्या मजल्यावरून सहा-सहा महिने खाली उतरली नाही. मेंटेनन्स, पाणीपट्टी, घरफाळा हे शब्द पहिल्यांदाच घरात आले. दुसऱ्या बाजूला: पोरीला आंघोळीला आडोसा मिळाला, पावसात रात्र जागून काढावी लागत नाही, सोयरिकीला पाहुणे आले की घर दाखवायला लाज वाटत नाही. हा शेवटचा मुद्दा मोजायला अवघड आहे, पण बायका तोच सगळ्यात आधी सांगतात.

यातून निघणारी मापं अशी असू शकतात: राहण्यावर होणारा एकूण मासिक खर्च, आधी आणि आता; कामावर पोचायला लागणारा वेळ आणि केएमटीचा (शहर बसचा) किंवा रिक्षाचा खर्च; मागच्या पंधरा दिवसांत पाच वर्षांखालच्या मुलांना झालेले जुलाब; मुलांची शाळेतली प्रत्यक्ष हजेरी; अडीअडचणीला दोन हजार रुपये उसने कुणाकडून मिळतील. शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण गाळू नका. का, ते पुढं येईल.

‘तुम्ही समाधानी आहात का?’ हा प्रश्न मात्र काढून टाका. फाईल हातात धरलेल्या अनोळखी माणसाला कुणीही ‘व्हय, झकास हाय की’ असंच सांगतो. नव्वद टक्के समाधानी, असा आकडा दिसला की मी पुढचं पान उलटतो.

तक्रारींच्या आकड्यांचंही तसंच. महापालिकेकडं तक्रारी वाढल्या म्हणजे परिस्थिती बिघडली असं नसतं. आधी कुणी ऐकत नव्हतं म्हणून कुणी लिहीत नव्हतं. दोनदा गटार उपसून मिळालं की लोक तिसऱ्यांदा अर्ज करतात. तक्रारी किती आल्या आणि किती दिवसांत निकाली निघाल्या, दोन्ही एकत्र बघा.

४. हे नसतं तर काय झालं असतं?

समजा, तुमच्या संस्थेनं २०२२ ते २०२५ बचत गटांचं काम केलं आणि बायकांच्या हातातला पैसा वाढला. श्रेय कुणाचं? मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. २०२४ च्या मध्यापासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार सुरू झाले. तुमची संस्था नसती तरी यातलं बरंच झालंच असतं. पाण्याचंही तेच. काळम्मावाडी धरणातून शहरासाठी टाकलेल्या थेट पाईपलाईनचं पाणी २०२३ च्या अखेरीस पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत आलं. त्यानंतर तुमच्या वसाहतीत पाणी सुधारलं असेल, तर ते तुम्ही बसवलेल्या टाकीमुळं की धरणामुळं?

उलटंही होतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर आणि मध्ये २०२० चं लॉकडाऊन, एवढं अंगावर घेतलेल्या वसाहतीत तीन वर्षांनी परिस्थिती ‘जैसे थे’ दिसली, तर ते कदाचित मोठं यश असेल. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. तुमच्या कामाच्या काळात पाणी किती वेळा त्यावर गेलं, कुठली कुटुंबं किती दिवस घराबाहेर होती, याची नोंद अहवालाच्या सुरुवातीलाच असू द्या.

यावर उपाय एकच, तुलना. तुमच्या वसाहतीसारखीच, पण हे काम न झालेली दुसरी वस्ती शोधा. सारखी म्हणजे साधारण तेच धंदे, तेवढीच जुनी, शहरातल्या कामापासून तेवढीच लांब, आणि पुराच्या बाबतीत तशीच. पुराचं पाणी शिरणाऱ्या सुतारवाड्यातल्या घराची तुलना टेंबलाईच्या उंचावरच्या घराशी करून काही हाती लागत नाही. मग वजाबाकी करा. तुमच्याकडं नियमित शाळेत जाणारी मुलं ६० टक्क्यांवरून ७५ वर गेली, म्हणजे १५ नं वाढली. दुसऱ्या वस्तीत ती ६२ वरून ७० वर गेली, ८ नं. तुमच्या कामाच्या खात्यात फार तर ७ जमा करा. अहवाल बारका होतो, पण खरा राहतो.

सगळ्यात चांगली तुलना सोडतीतून मिळते, आणि आपल्याकडं बरीच घरं सोडतीनं वाटली जातात. अर्ज केलेले सगळे सारखेच गरजू. कुणाची चिठ्ठी निघाली, कुणाची नाही, हा निव्वळ नशिबाचा भाग. चिठ्ठी न निघालेल्यांची यादी हा तुमच्यासाठी खजिना आहे, पण ती कुणी जपून ठेवत नाही. मागून घ्या.

अहमदाबादेत असा अभ्यास झालाय आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. विडी कामगार बायकांना सोडतीनं शहराबाहेर, सुमारे १२ किलोमीटरवर घरं मिळाली होती. घरवाटपानंतर १४ वर्षांनी संशोधकांनी घर मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोघींनाही गाठलं. घर मिळालेल्यांची घरं चांगली होती, पण कुटुंबाच्या उत्पन्नात फरक नाही आणि मुलांच्या प्रगतीतही नाही. चिठ्ठी निघालेल्यांपैकी ३४ टक्के तिथं राहायला गेल्याच नाहीत आणि ३२ टक्के नंतर सोडून गेल्या. नात्यागोत्यातली, जातभावकीतली माणसं लांब पडली आणि अडीअडचणीला मिळणारा आधार कमी झाला. उसन्या दोन हजारांचा प्रश्न गाळू नका म्हणालो, तो यासाठी. संशोधकांनी फक्त त्या वसाहतीत जाऊन दारं वाजवली असती, तर निम्म्याहून जास्त बायका त्यांना भेटल्याच नसत्या.

एवढ्यावरून घरं देऊच नयेत असा निष्कर्ष कुणी काढू नये. मुंबईत म्हाडाच्या सोडतीतल्या विजेत्यांचा असाच अभ्यास झाला, त्यात त्या कुटुंबांत शिक्षण आणि नोकरीचं प्रमाण जास्त आढळलं. तिथं घर हा बाजारभावापेक्षा स्वस्तात मिळालेला मोठा ठेवा होता, शिवाय ते भाड्यानं द्यायची मुभा होती. घर कुठं आहे आणि त्याचं पुढं काय करता येतं, यावर सगळं ठरतं. म्हणून कामापर्यंतचं अंतर मोजल्याशिवाय कोल्हापुरातल्या कुठल्याही घरकुलाबद्दल मत देऊ नका.

५. दारात गेल्यावर

सकाळी सहा ते दहा जाऊ नका. पाणी, डबे, शाळा, धुणीभांडी. बायका दुपारी दोननंतर भेटतात, कारखान्यातले पुरुष संध्याकाळी सातनंतर किंवा शिफ्टच्या सुट्टीला. शिरोली-गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कामगाराला दुपारी शोधलंत तर तुम्हाला फक्त बेकार माणसंच भेटतील आणि अहवालात बेकारी वाढेल. आषाढात मंगळवार-शुक्रवारी त्र्यंबोली देवीला पाणी वाहायच्या मिरवणुका असतात, गणपतीचे दहा दिवस, जोतिबाची चैत्र यात्रा, तेव्हा कुणी मनावर घेणार नाही. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर थेट उन्हाळ्याच्या तोंडाशीच परततात. पहिली फेरी जूनमध्ये केली असेल तर दुसरीही जूनमध्येच करा. पावसाळ्यातले जुलाब हिवाळ्यातल्या जुलाबांशी ताडून पाहिले तर कुठलीही योजना यशस्वी ठरते.

बायकांशी बोलायला बाईच हवी, आणि सासू-नवरा समोर नसताना. हे जमेलच असं नाही. नाही जमलं तर उत्तरापुढं तशी खूण करा. दारात पहिला प्रश्न तुम्हालाच येईल: ‘कुठनं आलासा? महापालिकेकडनं काय?’ खरं सांगा. दुसरा येईल: ‘नाव लिहून घेतलासा, मग काय मिळणार?’ ‘काही मिळणार नाही, मावशी,’ हे स्पष्ट म्हणा. काहीजण दार लावून घेतील. त्यातला एखादा नंतर चहाला बोलावेल, तुम्ही खोटं बोलला नाहीत म्हणून.

प्रश्न असे विचारा की उत्तरात आठवण यावी, मत नको. ‘पाणी आता चांगलं येतं ना?’ यावर ‘येतं’ हेच उत्तर. ‘काल नळाला पाणी किती वाजता आलं? किती वेळ होतं? किती घागरी भरल्या?’ यावर खरं कळतं. पाणी प्यायला योग्य आहे का, हे लोकांना विचारू नका, तपासा. क्लोरीन तपासायचा संच स्वस्तात मिळतो. नळाच्या टोकाला लिटरमागं निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. उत्तरं माणसाच्या बोलीतच लिहा. बाई ‘मी कामाला जातो’ म्हणाली तर वहीत ‘जाते’ करू नका.

फुकट वेळ घेऊ नका. अर्ध्या तासाच्या वर मुलाखत नेऊ नका, रोजंदारीवरच्या माणसाला कामाच्या वेळी अडवू नका. आणि दिलेला चहा घ्या.

६. नुसतं बघायचं ते

वसाहतीत तीन वेळा चक्कर मारा: पहाटे, भर दुपारी आणि रात्री नऊला. रात्री खालून उभं राहून उजेड असलेल्या खिडक्या मोजा, सलग तीन दिवस. मूळ यादीतून निघालेला कुलुपांचा आकडा याच्याशी जुळतो का बघा. जिन्यातले दिवे, चेंबरवरची झाकणं, गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं, घंटागाडी कुठपर्यंत आत येते. लिफ्ट असेल तर ती आज चालू आहे का यापेक्षा मागच्या महिन्यात किती दिवस बंद होती ते विचारा. मीटरवरची नावं सहज नजरेखालून घाला, फोटो काढू नका.

सोसायटीची मेंटेनन्सची पावतीपुस्तकं दाखवली तर बघा. दर महिन्याला किती घरं वर्गणी भरतात, हा एक आकडा शंभर मुलाखतींइतका बोलतो. पुस्तकच नसेल तर तेही लिहा.

७. आकडे किती ताणायचे

अडीचशे-तीनशे घरांपर्यंत वसाहत असेल तर प्रत्येक दार वाजवा, नमुन्याच्या भानगडीत पडू नका. वेळच नसेल तर यादीतून चिठ्ठ्या काढून घरं निवडा. पायऱ्यांवर भेटलेली माणसं म्हणजे नमुना नव्हे. २४० घरांपैकी साधारण १४८ घरं अशी निवडलीत तर टक्केवारी पाच अंक इकडं-तिकडं धरून विसंबण्याजोगी असते.

दोन फेऱ्यांमधला फरक सांगताना जास्त सावध राहा. पहिल्या वेळी १०० घरांत ३० टक्के, दुसऱ्या वेळी वेगळ्या १०० घरांत ३८ टक्के. वाढ ८. आता हे करून बघा, टक्केवारी गुणिले शंभरातून उरलेली टक्केवारी, भागिले घरांची संख्या: ३० गुणिले ७० भागिले १०० म्हणजे २१, ३८ गुणिले ६२ भागिले १०० म्हणजे साडेतेवीस, बेरीज साडेचव्वेचाळीस, तिचं वर्गमूळ सुमारे ६.७, दुप्पट केली की तेराच्या आसपास. म्हणजे १३ पर्यंतचा फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो. तुमचे ८ त्याच्या आत आहेत, म्हणून ‘वाढ झाली’ असं छातीठोक लिहू नका. त्याच घरांना पुन्हा भेटलात तर हिशोब बराच घट्ट होतो. मूळ यादीचा आग्रह त्यासाठीही आहे.

आधीची नोंदच नाही, असं दहापैकी आठ वेळा होतं. मग अंगणवाडीतलं वजनाचं रजिस्टर, आशाताईंच्या नोंदी, शाळेचं हजेरीपत्रक, लोकांनी जपलेली जुनी लाईटबिलं, यांतून भूतकाळ जमेल तेवढा जोडा. ‘तीन वर्षांपूर्वी उत्पन्न किती होतं?’ असं विचारून आलेल्या आकड्यावर इमला चढवू नका. ‘पोरगी पाचवीत होती तेव्हा तुम्ही कुठं कामाला होता आणि दिवसाची मजुरी काय मिळायची?’ असं विचारलं तर आठवण जरा नीट येते.

८. काटा कुणाच्या हातात

ऊस घेणारा कारखाना आणि वजनाचा काटाही कारखान्याचाच, मग शेतकऱ्याच्या मनात पाल चुकचुकणारच. ज्यानं प्रकल्प राबवला त्यानंच तो तपासला तर लोकांनाही तसंच वाटतं. निदान मुलाखती घेणारी माणसं तरी बाहेरची असू द्या. वॉर्डातल्या कुठल्याही पुढाऱ्याचा कार्यकर्ता सोबत घेऊ नका, तो कितीही मदतीचा असला तरी. वाट दाखवायला त्याच वसाहतीतली दोन पोरं घ्या, पण त्यांना त्यांच्याच जिन्यातल्या घरांत पाठवू नका.

कच्चा अहवाल तयार झाला की पैसे देणाऱ्याकडं पाठवण्याआधी वसाहतीत वाचा. मंदिरासमोर, तालमीत, जिथं बायकाही येऊन बसतील अशा जागी. दहा-बारा आकडे मोठ्या कागदावर, मराठीत. एकट्यादुकट्या घरावर बोट जाईल असा आकडा त्यात ठेवू नका. ‘तिसऱ्या जिन्यातल्या दोन घरांनी भाडेकरू ठेवलेत’ हे वाक्य छापलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नावं कळतात. लोक हरकत घेतील, घेऊ द्या. ‘असं कुठं हाय?’ म्हणणाऱ्याला विचारा, मग कसं आहे. त्याचं म्हणणं पटलं नाही तरी ते त्याच्याच शब्दांत अहवालात जोडा.

निष्कर्षांत कशानं काम झालं, कशानं नाही आणि कशाबद्दल सांगता येत नाही, अशा तिन्ही गोष्टी वेगळ्या लिहा. तिसरा भाग रिकामा असेल तर कुणीतरी जास्त बोललंय. खर्चही मांडा: एका कुटुंबामागं किती रुपये लागले आणि त्यात खरा फरक किती जणांना पडला.

पुढची फेरी कुणी करायची आणि कुठल्या महिन्यात, ते अहवालाच्या शेवटच्या पानावर ठरवून टाका. दोन वर्षांनी तुम्ही तिथं नसाल. विद्यार्थी पास होऊन जातात, संस्थेतली माणसं बदलतात. प्रश्नावली जशीच्या तशी, घरं कशी निवडली त्याची पद्धत आणि तुलनेच्या वस्तीचं नाव, हे सगळं एका फाईलमध्ये ठेवा. सांकेतिक क्रमांकांची वही वेगळ्या कपाटात, कुलपात, आणि ती कुणाच्या ताब्यात आहे हे संस्थेतल्या निदान दोघांना माहीत असू द्या.